कोपराचं माप

आमचे हे दाराबाहेर दोनदा खोकले. मी मोटर बंद केली, पटाशी फळीवर टाकली आणि पाटावरून खाली उडी मारली. हे आत आले, पाट पायानं बाजूला सारून कातायच्या मशीनपाशी उभे राहिले आणि पटाशी हातात घेतली. मी कोपऱ्यात लाखेच्या शेगडीपुढं जाऊन बसले. व्यापारी रेवणशेठ तोडकर दारातून वाकून आत आले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. फक्त मशीन अजून गरगरत होतं आणि माझ्या पदरावर भुसा होता.

"काय हिंदुराव, चाललंय न्हवं?" रेवणशेठ म्हणाले.

"चाललंय की. बसा."

ते बसले नाहीत. कातून ठेवलेल्या दांड्यांतली एक उचलून त्यांनी उजेडात धरली आणि अंगठा फिरवला. पाळण्याच्या चारी बाजूंना ज्या कातीव दांड्या असतात, त्यातली ती एक. दांडीच्या पोटावर बारीक बारीक चरे उठले होते. मला ते सकाळपासून दिसत होते आणि सकाळपासून मी त्या चऱ्यांवर जळत होते.

"हे कसलं हो?"

"मशीन हालतंय," हे म्हणाले. "बेअरिंग खाल्लीया. वडलांच्या वक्ताचं मशीन, किती दिवस टिकंल?"

"मग बदला की. साठ पाळन्यांचं काम देतो तुमास्नी, पन ह्या म्हाताऱ्या मशीनवर न्हाई." त्यांनी दांडी खाली ठेवली. "बेस्तरवारी मी कोल्हापुरात हाय. उद्यमनगरात आप्पासो मिस्त्री म्हनून हाईत, लेथ बनवत्यात. माज्या वळकीचं. या तुमी. माज्यासमोर मशीन ठरवा, काम तितंच पक्कं करतो."

"येतो."

"आवो, तुमचा हात सोन्याचा हाय. आमच्या सूनबाईला आठ वर्सांनी पोरगं झालं. तुमच्या पाळन्यात घातलं की पाच मिन्टात झोपतंय. सात म्हैनं झालं, पाळना पावला आमास्नी."

यांनी मान खाली घातली. मी शेगडीत फुंकर मारली, तशी राख उडून माझ्याच डोळ्यांत गेली.

तो पाळणा मी कातला होता. त्याच्या आधीचे आणि नंतरचेही, तीन वर्षांतला एकूण एक. यांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा आधी आम्हाला वाटलं अशक्तपणा आहे. मग वाटलं वारं आहे. मग वाटायचं थांबलं आणि एके दिवशी यांनी दार लोटून घेतलं, मला मशीनपुढं उभं केलं, माझ्या मागं उभं राहून माझे हात धरले आणि म्हणाले, "लाकडाला भिऊ नगंस. लाकूड फिरतंय, तू न्हाईस." दोन महिन्यांत मी शिकले. हात धरायची गरज उरली नाही, तसे हे दाराबाहेर जाऊन बसायला लागले. कुणी आलं की खोकायचं, एवढं त्यांचं काम राहिलं.

कुणाला सांगितलं नाही, त्याला कारण होतं. आमच्या कातारी गल्लीत बाईनं लाख लावावी, रंग द्यावा, केवड्याचं पान घासून चकाकी आणावी. कातायला उभं राहू नये. त्यातून पाळणा तर नाहीच. बाईनं कातलेला पाळणा रिकामा राहतो म्हणत. आणि ती बाई माझ्यासारखी असेल, लग्नाला चौदा वर्षं होऊन कूस न उजवलेली, तर मग बोलायलाच नको. मला बारशालासुद्धा लोक हळदीकुंकू लावून लवकर वाटेला लावत. त्यांच्या पोरांना झोपवणारे पाळणे माझ्या हातचे आहेत हे कळलं असतं, तर वडगावातच काय, सगळ्या हातकणंगले तालुक्यात आमचा पाळणा कुणी दारात उभा केला नसता.

हे सगळं मला पटत होतं का, म्हणून कुणी विचाराल. पटत नव्हतं. पण मला न पटून काय होणार होतं?

गुरुवारी आम्ही सकाळच्या यष्टीनं कोल्हापूरला निघालो. मशीन घ्यायला बायको कशाला, असं कुणी म्हणू नये म्हणून मी ओटीचं सामान घेतलं होतं. अंबाबाईला जायचं निमित्त. निघताना मी यांना म्हटलं होतं, "अंगठ्याला फडकं बांधते. लागलंय म्हणून सांगायचं. कुणी काही करायला लावलं तर सुटका."

"मला सोंगं जमत न्हाईत."

तीन वर्षं दारात बसून खोकणारा माणूस हे म्हणतो! मी फडकं पिशवीत ठेवून दिलं. पण गाडीत माझा पाय एकसारखा हलत होता. मला मुळात गप्प बसवत नाही. मशीन घ्यायचं माझ्यासाठी, वापरणार मी, आणि निवडणार हे. बरं, नुसतं निवडणार असते तरी चाललं असतं. पण गेल्या महिन्यात कुणी वैद्यानं त्यांना एक तेल दिलं होतं. रोज सकाळी उन्हात बसून ते मनगटाला चोळायचे आणि बोटं उघडमीट करून बघायचे. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. नवं मशीन आपल्यासाठी घ्यायचं, हे त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं.

आप्पासो मिस्त्रींचा कारखाना म्हणजे पत्र्याची लांबडी शेड. आप्पासो साठीचे, उंच, कानावर खडू खोचलेला. रेवणशेठ आमच्या आधीच येऊन खुर्चीवर बसले होते.

"आलासा? वैनी पन आल्या व्हय?"

"अंबाबाईला आलोय," हे म्हणाले.

"बरं केलंसा. देवीचं करा, मशीनचं आमी बघतो."

मला वाटेला लावायचा तो सरळ डाव होता. मी ऐकू न आल्यासारखं करून तिथंच एका पेटीवर बसले.

आप्पासोंनी तीन मशिनं दाखवली. पहिलं जुनं, कुठल्यातरी बंद पडलेल्या गिरणीतून आणलेलं, हत्तीएवढं. दुसरं नवं पण हलकं, पत्र्याच्या पायांचं. तिसरं त्यांनी स्वतः ओतून घेतलेलं, बिडाचं, हिरवा रंग दिलेलं, एका उंच लाकडी बाकावर मांडून ठेवलेलं. त्यांनी तिन्ही एकेक करून चालू केली. पहिलं घरघरलं. दुसऱ्यानं आवाज बरा काढला, पण मला त्याचं मागचं टोक वाकडं फिरताना दिसत होतं आणि माझ्या तोंडात शब्द मावत नव्हते.

"हे बरं दिसतंय," हे दुसऱ्यापाशी उभे राहून म्हणाले. "हलकं हाय. न्यायला सोपं."

"मागचं टोक एक सूत उजवीकडं गेलंय," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी जीभ चावली, पण शब्द बाहेर पडून गेला होता. आप्पासोंनी मशीन बंद केलं, दोन्ही टोकं सरकवून एकमेकांपाशी आणली आणि खाली वाकून बघितलं.

"एक सूत," ते म्हणाले. "वैनीस्नी कसं कळलं हो?"

"माजं ऐकून ऐकून," हे घाईनं म्हणाले. "घरात दुसरं बोलनं काय असतंय?"

रेवणशेठ हसले. आप्पासो हसले नाहीत.

मग तिसरं. त्या हिरव्या मशीनचं बटण दाबलं तेव्हा आधी मला वाटलं ते चालूच झालं नाही. नुसता पट्ट्याचा सूं सूं आवाज. मी उठून जवळ गेले आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून बिडावर तळहात ठेवला. आमचं म्हातारं मशीन हाताखाली थंडीतापाच्या माणसासारखं हुडहुडायचं. तीन वर्षं मी त्या हुडहुडीशी झटत होते, ती जाईल तिकडं पटाशी वळवत होते. हे मशीन तसूभर हललं नाही. हेच पाहिजे, दुसरं नको, असं मला कधी साडीच्या दुकानातसुद्धा झालं नव्हतं.

नशिबानं यांनाही तेच आवडलं. "आप्पासो, हेच द्या."

"देतो. पन स्टँड मापानं करून देतो मी. कातनाऱ्याचं कोपर आन् मशीनचा मध्य एका रेषेत पायजे. वर झालं की खांदा भरतोय, खाली झालं की कंबर जाती. एकदा वेल्डिंग मारलं की मग बदल न्हाई, बगा." त्यांनी खिशातून फीत काढली. "हात दुमडा, हिंदुराव."

यांनी हात दुमडला. आप्पासो खाली बसले, फीत जमिनीला टेकवून वर नेली. "साडेत्रेचाळीस." खडूनं भिंतीवर मोठ्या अक्षरांत आकडा लिहिला.

हे ताडमाड उंच. मी त्यांच्या खांद्याच्या खाली. साडेत्रेचाळीस म्हणजे माझ्या जवळजवळ काखेत. घरी म्हाताऱ्या मशीनपुढं मी एका पाटावर उभी राहायची, तरी संध्याकाळी खांदे उतरून ठेवावेसे वाटायचे. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"जरा खाली घेतलं तर?" मी म्हटलं. "पाच-सहा इंच?"

"वैनी, मशीन हाय, चूल न्हवं," रेवणशेठ म्हणाले. "तुमी जावा की देवीला. दुपारी गर्दी हुती."

"तू गप," हे म्हणाले.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी उठले आणि शेडबाहेर नळ होता तिथं जाऊन उभी राहिले. पाणी प्यायचं निमित्त करून हेही मागोमाग आले.

"काय लावलंयस? लोकं बघत्यात."

"साडेत्रेचाळिसावर मी कशी उभी राहू? दोन पाट घालू का तीन? का झाडावर चढून कातू?"

"मग काय तुजं माप घ्या म्हनून सांगू? रेवणशेठसमोर? साठ पाळनं हाईत, अनू."

"ते कातणार कोण आहे?"

हे नळाकडं बघत राहिले. "तेल लावतोय मी. फरक हाय. दिवाळीपतूर..."

"तीन दिवाळ्या झाल्या."

माझ्या तोंडून ते सुरीसारखं गेलं. यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला. ते आत गेले.

मी आत गेले तेव्हा आप्पासोंनी हिरव्या मशीनवर सागवानाचा गोल तुकडा चढवला होता.

"माजी एक रीत हाय," ते सांगत होते. "गिऱ्हाइकानं एक नग कातल्याबिगर मी मशीन देत न्हाई. मागनं मशीन वाईट निगालं म्हनून कुनी यायला नको. हां, घ्या पटाशी."

"घ्या, घ्या," रेवणशेठ खुर्ची पुढं ओढत म्हणाले. "मला बी बगायचंय. तुमच्याकडं कवाबी या, मशीन नुकतंच बंद झाल्यालं असतंय."

मी यांच्याकडं बघितलं. अंगठ्याला फडकं बांधू दिलं असतं तर! अजूनही काही सांगता आलं असतं. चक्कर येते म्हणा, उपास आहे म्हणा. पण त्यांनी बाही वर सारली. एकदा मनगट दाबलं. त्यांनी खरंच ठरवलं होतं. माझ्या बोलण्यानं ठरवलं असेल तर ते पाप माझ्या माथ्यावर.

पटाशी टेक्यावर टेकली आणि टिकटिक आवाज यायला लागला, लोखंडावर लोखंड वाजल्याचा. हात हलत होता. त्यांनी डाव्या हातानं उजवा दाबून धरला आणि पटाशी पुढं सारली. लाकडानं ती गपकन ओढून घेतली. फाट्कन आवाज झाला, तुकडा मधोमध चिरला आणि निम्मा उडून पत्र्यावर आदळला. रेवणशेठ खुर्चीसकट मागं सरकले.

आप्पासोंनी मशीन बंद केलं.

"मशीनमदीच कायतरी हाय," रेवणशेठ म्हणाले. "एवढा कसलेला हात, असं हुईल का? आप्पासो, तुमी वळकीचं म्हनून मी ह्यास्नी हितं आनलं."

"माज्या मशीनमदी?" आप्पासोंचा आवाज चढला. "चाळीस वर्सं लेथ बनवतोय मी!"

"तुमीच सांगा, हिंदुराव. मशीन हालत हुतं का न्हाई?"

यांनी कपाळावरचा घाम पुसला. रेवणशेठनी दार उघडून दिलं होतं, नुसतं बाहेर पडायचं होतं. हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "हालत हुतं. मदीच धक्का बसला."

"ऐकलंसा? चला, दुसऱ्याकडं जाऊ. शिरोलीला एकजन हाय माज्या म्हायतीचा."

आप्पासोंनी मशीनवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. चाळीस वर्षांत त्यांना हे कुणी म्हटलं नसावं.

माझ्या डोक्यात त्या वेळी काय आलं, ते मी पुष्कळ वेळा आठवून बघितलं आहे. बायकांच्या हक्काचं वगैरे काही आलं नाही. साठ पाळणे आठवले नाहीत आणि नवऱ्याची अब्रूही आठवली नाही. एवढंच वाटलं, की इतकं चांगलं मशीन आणि त्याला हे नावं ठेवून चालले आहेत. माझ्याच्यानं राहवेना.

"मशीन चांगलं आहे," मी म्हटलं.

"अनू," हे म्हणाले.

मी नटबोल्टचं एक खोकं ओढून मशीनपुढं आणलं. पदर खोचला. खोक्यावर चढले. दुसरा तुकडा चढवला, टोक आवळलं, हातानं एकदा फिरवून बघितला आणि बटण दाबलं.

मग मला दुसरं काही दिसलं नाही. पटाशी लावली आणि लाकडाची सालपटं लांबच्या लांब, न तुटता, मनगटावरून खाली ओघळायला लागली. म्हाताऱ्या मशीनवर मी अशी सालपटं कधी बघितली नव्हती. झुंजावं लागत नव्हतं. मी खांद्याकडून सुरुवात केली, पोट काढलं, मान बारीक केली. मानेखाली मी नेहमी दोन कडी काढते आणि दोन्हीच्या मधे बोटाचं पेर बसेल अशी एक खोबण. ती मला कुणी शिकवलेली नाही. पाळणा हलवताना आईचं बोट तिथं बसावं, असं मला वाटायचं. हाताला सवय झालेली, म्हणून तीही निघाली. पाचेक मिनिटांत काम संपलं. मी मशीन बंद केलं.

आप्पासोंनी दांडी उतरवली, अंगठा फिरवला आणि रेवणशेठकडं दिली.

रेवणशेठनी ती उलटसुलट केली. त्यांचं बोट मानेपाशी गेलं आणि खोबणीत बसलं. तिथंच राहिलं.

"आमच्या पाळन्याला बी हेच हाय," ते म्हणाले.

त्यांनी मान वर केली.

"वैनी, आमचा पाळना कुनी कातला?"

अजूनही सांभाळून घेता आलं असतं. यांनी शिकवलं, मला एवढी एकच दांडी येते, गंमत म्हणून. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण खोक्यावर उभी राहून मला त्यांचं टक्कल दिसत होतं आणि माझे हात अजून गरम होते.

"मी कातला," मी म्हटलं. "सगळे मीच कातले. तीन वर्षं झाली."

त्यांनी दांडी खुर्चीवर ठेवली. हळूच ठेवली, साप असल्यासारखी. मग हात धोतराला पुसले. "माजा नातू झोपतोय त्याच्यात," ते यांना म्हणाले. माझ्याकडं बघितलंही नाही. "हिंदुराव, सांगायचं तरी हुतंसा. आठ वर्सांनी झाल्यालं पोरगं हाय वो." ते चिडले नव्हते, घाबरले होते. चिडले असते तर मी भांडले असते. घाबरलेल्या माणसाला काय बोलायचं?

"शेठ, ऐका तरी," हे म्हणाले.

"मी घरला जातो. पोराला खाली काढाय पायजे."

आणि ते गेले. छत्री विसरून गेले. साठ पाळणे त्यांच्याबरोबर गेले. ते पुन्हा कधी आमच्या दारात आले नाहीत. त्या पाळण्याचं त्यांनी काय केलं, विकला की चुलीत घातला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पोरगा मोठा झाला एवढं माहीत आहे. आता पंचायतीत असतो, चांगला धिप्पाड आहे.

हे शेडच्या पायरीवर जाऊन आमच्याकडं पाठ करून बसले. मी खोक्यावरून उतरले. आता बोलणी खायची, घरी जायचं, गल्लीभर आवई उठणार, बायका दारातून आत ओढून घेणार. हे सगळं मला लख्ख दिसत होतं. आणि आश्चर्य म्हणजे दिवसभर हलणारा माझा पाय थांबला होता.

"वैनी," आप्पासो म्हणाले, "आता मशीन घेनार काय न्हाई?"

मी यांच्या पाठीकडं बघितलं. पाळणे गेले, मी मनात म्हटलं. लाटणी आहेत, रव्या आहेत, भोवरे आहेत. लाटणं वांझेनं कातलं का लेकुरवाळीनं, हे पोळी खाताना कुणी विचारत नाही.

"घेणार," मी म्हटलं.

"मग स्टँड?"

"माझ्या मापानं करा."

आप्पासोंनी भिंतीवरचा साडेत्रेचाळीस तळहातानं पुसला. खिशातून फीत काढली. माझ्याकडं एक पाऊल आले आणि घुटमळले.

"परक्या बाईच्या पायापाशी बसून माप कसं घिऊ मी?" ते म्हणाले. मग मोठ्यानं हाक मारली, "हिंदुराव! हिकडं या जरा. फीत धराय पायजे."

हे हलले नाहीत. आप्पासोंनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. फीत हातात घेऊन थांबून राहिले. मीही हात दुमडून तशीच उभी राहिले. बाहेर कुठल्याशा कारखान्यात हातोडा पडत होता, त्याचे ठोके मी मोजायला लागले. तिसाच्या पुढं गेल्यावर मोजणं सोडलं. उठून चालायला लागतील, मला इथंच सोडून यष्टी स्टँडवर जातील, असंही वाटून गेलं. गेले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. दुसऱ्या माणसासमोर त्यांचा हात, त्यांचं नाव, बापाचा धंदा, सगळं मी पाच मिनिटांत उघडं पाडलं होतं.

मग ते उठले. आत आले. आप्पासोंच्या हातातून फीत घेतली, तिचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि माझ्या पायांपाशी उकिडवे बसले. चौदा वर्षांत मी त्यांना इतक्या वरून कधी बघितलं नव्हतं. डोक्याच्या मध्यावर केस विरळ झाले होते, तेही मला त्याच दिवशी कळलं. त्यांनी फितीचं खालचं टोक फरशीला लावलं. उजवा हात थरथरत होता, म्हणून त्याचं मनगट डाव्या हातानं धरलं.

मी वरचं टोक ताणून कोपरापाशी आकडा बघितला. "साडेअडतीस."

आप्पासो खडू घेऊन भिंतीकडं वळले.

"थांबा, लिवू नगा," हे खालूनच म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. फितीचं टोक धरूनच होते.

"चपला काढ," ते मला म्हणाले.

"कशाला?"

"मशीनवर चपला घालून उभी ऱ्हातीस का तू? तीन वर्सं बघतोय, अनवानीच काततीस." त्यांचा आवाज आप्पासोंना ऐकू जाईल एवढा होता. "पाऊन इंचाचा फरक पडंल. खांदा भरंल तुजा."

मी चपला काढल्या. यांनी त्या उचलून बाजूला ठेवल्या आणि फीत पुन्हा फरशीला टेकवली.

"आता बग," म्हणाले.

माझे डोळे भरून आले होते, आकडे दिसेनात. पदरानं पुसून मी वाचलं. "पावणेअडतीस."

"पावनेअडतीस," हे आप्पासोंना म्हणाले. "आता लिवा."